फाटकाजवळ स्थूल महिला

कुसुमबाईचं वजन पहिल्यांदा नीट झालं ते धानाच्या काट्यावर. उपकेंद्रातल्या नर्सबाईच्या काट्याची सुई एका जागी ठरेना, म्हणून नर्सबाईनंच तिला सोसायटीच्या गोदामात पाठवलं. तिथे भोजराज धान मोजायचा. त्यानं कुसुमबाईला काट्यावर उभं केलं, दांडीवरचं वजन इकडून तिकडे सरकवलं आणि म्हणाला, "सत्त्याण्णव किलो." मग सवयीनं पुढे म्हणाला, "ओलाव्याची कटाई धरली तं पंच्याण्णव लिहितो."

"लिहू नोको," कुसुमबाई म्हणाली. "नुसतं सांग."

"सत्त्याण्णव."

ही गोष्ट दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतरची. कुसुमबाई तेव्हा पन्नाशीला आली होती. सालेकसा तालुक्यातल्या मोहटोल्याच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. नवरा बकाराम रेल्वेत गेटमन. टोल्यापासून, म्हणजे वस्तीपासून, हाकेच्या अंतरावर, दरेकशाचा चढ सुरू होतो तिथल्या फाटकावर त्याची ड्युटी असायची. बकाराम इतका काटकुळा होता की खाकी शर्ट त्यानं घातला आहे की दोरीवर वाळत टाकला आहे, हे लांबून कळत नसे. दोघं एकाच हंडीतलं जेवत. त्याच्या अंगी काही लागत नसे आणि तिच्या अंगावरून काही उतरत नसे.

गुडघे दुखायचे ते ती सोसून होती. पण त्या वर्षी चुलीपुढून उठायला तिला दोन बायांचे हात लागू लागले, आणि रक्तात साखर निघाली. तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा बकारामनं तिला तिथे नेलं. शिबिरात गोंदियाहून आलेली रुची नावाची मुलगी होती. व्यायामाची डॉक्टर म्हणे. स्वतः अठ्ठेचाळीस किलोची. तिनं कुसुमबाईचे गुडघे दाबून पाहिले, हृदयाची पट्टी काढून घेतली, दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं आणि मग समोर बसवून सांगितलं, "मावशी, तुम्हाला इंटरव्हल ट्रेनिंग करायचं आहे."

"ते का राहते?"

"एक मिनिट जोरात चालायचं. इतकं जोरात की दोन शब्द बोलता आले पाहिजेत, पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे. मग आरामात चालायचं, दम खाली येऊ द्यायचा. पुन्हा एक मिनिट जोरात. असं सहा वेळा. आणि त्याच्याच सोबत ताकदीचा व्यायाम. स्टुलावर बसून हात न लावता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून भिंत ढकलायची, दहा वेळा. पाण्याचे दोन डबे उचलायचे, दहा वेळा."

"एक काही सांग ना बाई. दोन्ही कायले?"

"जोरात चाललं की दम वाढतो, चरबी जळते, शुगर उतरते," रुची म्हणाली. "पण नुसतं चालाल आणि जेवण कमी कराल, तर चरबीसोबत मांसही जाईल. मांसच गेलं तर हे गुडघे कोण धरेल? इसलिए दोन्ही. हप्त्यातून तीनच दिवस. मधल्या दिवशी सुट्टी. छातीत दुखलं, चक्कर आली, की तिथेच थांबायचं."

बकाराम शेजारी उभा राहून हे सगळं लिहून घेत होता. एकतीस वर्षं त्यानं रेल्वेचा एकही नियम मोडला नव्हता, त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणत्या तऱ्हेनं लिहिता येत नसे. घरी येईपर्यंत रुचीच्या बोलण्याची सात कलमं झाली होती आणि सातव्या कलमाला एक पोटकलम होतं.

अडचण आली ती मिनिटाची. घरातलं मनगटी घड्याळ कुसुमबाईला चष्म्याशिवाय दिसेना आणि जोरात चालताना चष्मा नाकावर ठरेना. फाटकावरच्या खोलीत भिंतीवर मोठं घड्याळ होतं. तिनं बकारामला म्हटलं, "त्या घडीत पाहून तुम्हीच मले मिनिट सांगत जा."

"ते नाई जमत," बकाराम म्हणाला. "ती घडी सरकारी आहे. तिच्यात गाडीचा टाइम पाहतात. बाईचा नाई."

"मी तुमची बायको आहो."

"म्हणून तं जास्तच नाई जमत."

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बकाराम ड्युटीवरून आला तो एक कागद घेऊन. त्यानं रात्रभर गाड्या मोजल्या होत्या. घाट चढणारी कोळशाची भरली मालगाडी फाटकावरून जायला दीड मिनिट घेते, उतरणारी रिकामी पाऊण मिनिट, पॅसेंजर वीस सेकंद, एक्सप्रेसचं काही खरं नाही. गाड्यांचा टाइम पाहायला हरकत नव्हती, ते त्याचं कामच होतं. त्यावरून त्यानं ठरवलं होतं की कुसुमबाईनं इंजिन फाटकावर आलं की जोरात निघायचं आणि गार्डाचा डबा गेला की हळू व्हायचं. पुढची गाडी येईपर्यंत ताकदीचा व्यायाम. सकाळी सहा ते आठ या वेळात दोन्ही बाजूंच्या मिळून सहा-सात गाड्या जात. रुचीचा हिशोब अगदी नाही, तरी बराचसा बसत होता.

कुसुमबाईनं सोमवारी सुरुवात केली. रेल्वेच्या हद्दीचे दगड होते, त्यांच्या बाहेरून एक पायवाट पळसाच्या झाडापर्यंत जायची. दगडाच्या आत पाय पडायचा नाही, हे बकारामनं तीनदा बजावलं होतं. इंजिन आलं की ती पदर खोचून निघायची. बकाराम खोलीसमोर हिरवी झेंडी घेऊन ताठ उभा असायचा. बायको धापा टाकत समोरून जायची तरी तो मान वळवायचा नाही, कारण गाडी जाताना गेटमनची नजर गाडीवरच पाहिजे. गाडी गेली की ती खोलीमागे यायची, घरून आणलेल्या स्टुलावर बसायची-उठायची, भिंत ढकलायची, आणि तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत पाणी भरून ते उचलायची. पहिल्या दिवशी ती स्टुलावरून चारदा उठली. पाचव्यांदा स्टूलच तिच्यासोबत उठलं.

हप्ताभरात आजूबाजूला चर्चा सुरू झाली. ती टोल्यात नव्हे, गाडीत. सकाळच्या पॅसेंजरनं रोज जाणाऱ्या लोकांना एकच दिसायचं: एक जाड बाई गाडीच्या मागे जीव तोडून पळते आहे आणि गाडी तिला सोडून जाते आहे. दिवसाआड तेच. कुसुमबाईची शेजारीण शामकला आमगावच्या बाजारात गेली तेव्हा डब्यातल्या एका बाईनं तिला सांगितलं की दरेकशाकडे एक अभागी बाई राहते, तिची गाडी रोज चुकते.

"मग तू का म्हणली?" कुसुमबाईनं विचारलं.

"मी म्हणलं, असंन. घरचं नाव कायले सांगू?"

लोक चांगले होते. पॅसेंजरच्या दारात उभी माणसं तिच्याकडे हात लांबवायची, एकानं एकदा केळी टाकली. मालगाडीचा एक म्हातारा गार्ड मागच्या डब्यातून दर वेळी सांगून जायचा, "अगली में बैठ जाना, माताजी." कुसुमबाईला सुरुवातीला लाज वाटली. मग तिनं ठरवलं की इतक्या जोरात जाणाऱ्या लोकांशी वाद घालता येत नाही.

तीन हप्त्यांनी ती भोजराजच्या काट्यावर गेली. शहाण्णव. तिला रडू यायचं राहिलं. रुचीला भेटायला गेली तेव्हा रुचीनं सुतळीनं तिची कंबर मोजली आणि पहिल्या सुतळीशी लावून दाखवली. तीन बोटं कमी होती. "काट्याकडे नका बघू," रुची म्हणाली. "चरबी जाऊन राहिली, मांस येऊन राहिलं. चुलीपुढून उठता का आता?"

"एका बाईच्या हातानं उठते."

"मग झालं ना. आता चालताना हात पण हलवा. खांद्यापर्यंत वर येऊ द्या, मोकळे."

त्यानंतरचा शुक्रवार. कुसुमबाईची रोजची दोन्ही लुगडी थंडीत वाळली नव्हती, म्हणून तिनं मुलीनं नागपूरहून पाठवलेली साडी नेसली. साडी लाल होती. लालभडक.

सव्वासहाला कोळशाची भरली मालगाडी चढाला लागली. ड्रायव्हरनं वळणावरून समोर पाहिलं. धुकं होतं. एका बाजूला गेटमन हिरवी झेंडी दाखवत होता. दुसऱ्या बाजूला एक मोठी थोरली लाल आकृती दोन्ही हात वरखाली करत धावत होती. हिरवं म्हणतं चला, लाल म्हणतं थांबा. शंका आली तर थांबायचं, हे ड्रायव्हरला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. त्यानं ब्रेक लावला. अठ्ठावन्न वाघिणी एकमेकींवर आदळत, किंचाळत, फाटक मधोमध अडवून थांबल्या.

ड्रायव्हर उतरून धावत आला. "क्या खतरा है?"

"खतरा काही नाई," बकाराम म्हणाला. हिरवी झेंडी त्यानं अजून खाली घेतली नव्हती. "बाई व्यायाम करून राहिली."

"किस चीज का?"

"स्थूलतेचा."

ड्रायव्हरनं कुसुमबाईकडे पाहिलं. ती पळसाला वळसा घालून परत येत होती, हात खांद्यापर्यंत. बकारामसमोर आल्यावर तिनं चालता चालताच विचारलं, कारण दोन शब्दांपेक्षा जास्त बोलायला दम नव्हता, "थांबू का?"

बकाराम पेचात पडला. त्यानंच कलम लिहिलं होतं की गार्डाचा डबा गेल्याशिवाय हळू व्हायचं नाही. आणि गार्डाचा डबा अर्धा किलोमीटर मागे उभा होता.

"गाडी पास नाई झाली," तो म्हणाला.

कुसुमबाई आणखी एक फेरी मारून आली. तिला कळलं की या गाडीचा शेवट आज होणार नाही. रुचीनं सांगितलेलं आठवून ती हळू झाली, दम खाली येऊ दिला, आणि स्टुलाकडे गेली. बकारामला ते आवडलं नाही.

चढावर थांबलेली भरली गाडी स्वतःच्या जोरावर पुन्हा निघत नसते. मागून ढकलायला दुसरं इंजिन आणावं लागलं. त्याला दोन तास वीस मिनिटं लागली. फाटक बंदच. अलीकडे धानाच्या चार बैलगाड्या, दोन जीप आणि सालेकशाला जाणारी एसटी अडकली; पलीकडे आंदण घेऊन निघालेला एक ट्रॅक्टर. थंडी होती. लोक खाली उतरून हात चोळत उभे राहिले आणि बघण्यासारखी एकच गोष्ट होती. कुसुमबाई स्टुलावर बसत होती, उठत होती. एसटीतला एक किराणा दुकानदार, पोट बऱ्यापैकी, थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, हे झाल्यावर मी बसून पाहू का?" त्याच्या बायकोनं भिंत घेतली. कंडक्टरनं डबे उचलले. ट्रॅक्टरवरच्या लोकांना गाडीच्या पलीकडे काय चाललं आहे ते दिसत नव्हतं; ते वाघिणींच्या खालून वाकून वाकून बघत होते, आणि पुढच्या दोन तासांत त्यांचाही बराच व्यायाम झाला.

बकारामला चौकशीची नोटीस आली. कुसुमबाईनं ती वाचून घेतली आणि त्या दिवशी जेवली नाही. एकतीस वर्षांत ज्या माणसानं नियम मोडला नाही, त्याची नोकरी तिच्या गुडघ्यांपायी जायची वेळ आली होती.

"मी बंद करतो," ती म्हणाली.

"चौकशी चालू असताना पुराव्यात फरक करता येत नाई," बकाराम म्हणाला. म्हणून ती सोमवारी पुन्हा गेली. जुन्या लुगड्यात.

चौकशीला बिसेन साहेब आले. साहेब सेक्शनचे इन्स्पेक्टर. रेल्वेत एक ट्रॉली असते, रुळावर चालणारी, तिला चौघं जण मागून ढकलतात आणि साहेब वर खुर्चीत बसतो. बिसेन साहेबांचं वजन एकशे बारा होतं आणि चढ होता. फाटकावर पोचले तेव्हा चौघंही ढकलणारे रुळाशेजारी आडवे झाले. साहेब खाली उतरले, तेवढ्यानंच त्यांना दम लागला. खोलीत बसून त्यांनी कागद काढला.

"तुमच्या जबाबात लिहिलं आहे, पत्नी इंटरव्हल ट्रेन... हे पुढचं अक्षर लागत नाही. ही कोणती ट्रेन?"

"ट्रेन नाई साहेब, ट्रेनिंग."

"ट्रेन लिहिलं आहे."

"पुढचं पेनानं उठलं नाई."

साहेबांनी तरीही टाइमटेबल काढून दोन पानं पाहिली. मग चष्मा वर करून कुसुमबाईला विचारलं, "बाई, तुम्ही गाडी थांबवायच्या हेतूनं पळत होता का?"

"नाई साहेब. मी गाडी चालू राहावी म्हणून पळत होतो. ते थांबली तं माह्याच व्यायामाचं नुकसान झालं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग लेखणी खाली ठेवली. "काही फरक आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कशात साहेब?"

"यानं. शुगरमध्ये."

"पहिले दोनशे चाळीस होती. परवा एकशे सत्तर निघाली. गोळी चालूच आहे."

"मला दोनशे सत्तर आहे," साहेब म्हणाले. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

पुढचा अर्धा तास चौकशी खोलीमागे झाली. कुसुमबाईनं रुचीचं सगळं समजावलं. आधी डॉक्टरला हृदय दाखवून घ्या साहेब, असंही बजावलं. साहेब स्टुलावरून तीनदा उठले. चौथ्यांदा त्यांनी हात पुढे केला, पण तिनं दिला नाही.

"हात लावायचा नाई. तीन झाले, तीनच बस. परवा चार करा."

ट्रॉलीवाले आता उठून बसले होते आणि फार लक्ष देऊन बघत होते. परत निघताना साहेबांनी खुर्चीत बसायला एक पाय उचलला, मग पुन्हा खाली घेतला. ते म्हणाले, "तुम्ही चौघं वर बसा. ब्रेक धरा." उतार होता, ट्रॉली हलकीच होती. साहेब एक मिनिट ट्रॉली ढकलत जायचे, मग दोन मिनिटं वर बसायचे, पुन्हा उतरून ढकलायचे. बकारामनं नियमाप्रमाणे हिरवी झेंडी दाखवली. चौघं ट्रॉलीवाले खुर्चीभोवती दाटीनं बसून, एकमेकांकडे न पाहता, वळणाआड गेले.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. बकारामवर ठपका नव्हता. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून साहेबांनी दोन गोष्टी केल्या होत्या. पहिली अशी की, सदर महिलेनं रुळाच्या नजरेत लाल, हिरवा किंवा पिवळा रंग नेसू नये, कारण या तिन्ही रंगांना रेल्वेत अर्थ आहे.

"निळ्याले?" कुसुमबाईनं विचारलं.

बकारामनं कागद उलटसुलट केला. "निळ्याले इथे काही अर्थ दिला नाई."

"रेल्वेत नसंन. आपल्या घरी तं लय मोठा आहे," ती म्हणाली, आणि चौदा एप्रिलसाठी ठेवलेली निळी साडी पेटीतून काढली.

दुसरी गोष्ट कॉशनची. पुढे रूळ दुरुस्तीला असला, पूल कच्चा असला की ड्रायव्हरला आधीच्या स्टेशनवर एक कागद देतात, त्याला कॉशन म्हणतात. आता या बाजूनं जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला कागद मिळू लागला: अमुक फाटकाजवळ सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते आठ एक स्थूल महिला निळ्या साडीत जलद चालताना दिसेल. धोका नाही. शिटी द्यावी, थांबू नये.

हे फार चांगलं झालं. वळणावर शिटी व्हायची, कुसुमबाई डबे खाली ठेवायची आणि इंजिन येईपर्यंत तयार असायची. महाशिवरात्रीपर्यंत ती एक्क्याण्णववर आली. चुलीपुढून एकटी उठू लागली.

मार्चमध्ये तिला ताप आला. बुधवार होता. ती घरी गोधडी घेऊन पडली होती आणि शामकला धापा टाकत आली. "बाई, उठ. गाडी थांबली."

"कायले?"

"तू नाई म्हणून."

झालं असं होतं की ड्रायव्हरनं वळणावर शिटी दिली आणि कागद पाहिला. कागदात महिला होती, समोर महिला नव्हती. जे असायला पाहिजे ते नसलं तर काहीतरी बिघडलं आहे. शंका आली की थांबायचं. पुन्हा अठ्ठावन्न वाघिणी, पुन्हा मागून इंजिन. कुसुमबाई तापात निळी साडी गुंडाळून फाटकावर गेली आणि ड्रायव्हरला दिसेल अशी उभी राहिली. ड्रायव्हरनं तिला पाहिलं, कागदावर सही केली आणि इंजिनात जाऊन बसला. चालली नाही तरी चालेल, नुसती असली तरी पुरे, असं तो म्हणाला.

त्यानंतर तिला सुट्टी राहिली नाही. मुलीच्या घरी नागपूरला जायचं तर बकारामला आठ दिवस आधी कळवावं लागे, म्हणजे तो स्टेशनला कळवेल, म्हणजे कागद बदलेल. एकदा ऐन वेळी जावं लागलं तेव्हा तिनं शामकलाला निळी साडी देऊन पाठवलं. शामकला बकारामपेक्षा थोडीच जाड. गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "महिला है, मगर स्थूल नहीं है," आणि बकारामला ते नाकारता येईना.

खरी पंचाईत पुढल्या दिवाळीनंतर झाली. कुसुमबाई त्र्याऐंशीवर आली होती. खिचडीचं पातेलं ती एकटी उतरवायची. शिटी झाली की तिला आता पळसाच्याही पुढे, बोरीच्या झाडापर्यंत जावं लागे, नाहीतर वाट संपायची. एका शुक्रवारी नव्या ड्रायव्हरनं घाटाखाली गाडी थांबवली, खाली उतरला आणि तिच्याभोवती एक फेरी मारून तिला नीट पाहिलं.

"कागद में स्थूल लिखा है," तो बकारामला म्हणाला. "ये तो मीडियम है."

बकारामनं वर कळवलं. बिसेन साहेब आले. ट्रॉली ढकलतच आले, चढावर. दोघं वर बसले होते, दोघं मदतीला. साहेब शंभरावर आले होते. त्यांनी हुकुमाचा नवा मसुदा सोबत आणला होता, त्यात 'स्थूल' खोडून 'मध्यम' केलं होतं, आणि दर तीन महिन्यांनी महिलेचं वजन करून शब्द तपासावा असंही होतं. त्यांनी तो कुसुमबाईला वाचून दाखवला. त्यांना वाटलं ती खूश होईल.

कुसुमबाईनं तो त्यांना पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "साहेब, तुमच्या कागदात तुमचं वजन लिहितात का?"

"नाही."

"तं माह्यं काऊन?"

साहेबांनी मसुद्याची घडी घातली.

"पहिले लोकं म्हणत होते, बिचारीची गाडी चुकते. ते बरं होतं, त्यात माह्यं काही जात नव्हतं. आता वर्षभरापासून रोज पन्नास माणसं कागदावर वाचून राहिली की मी जाड आहो. आता मध्यम वाचतीन. मी कमी झालो ते गाडीले दाखवाले नाई झालो. तुमचा उपकार आहे, तुम्ही यांची नोकरी वाचवली. पण मले कागदातून काढा."

"मग फाटकाजवळ चालता येणार नाही," साहेब म्हणाले. "कागदात नसलेली महिला रुळाजवळ जलद चालली तर..."

"नाई चालत. गावात तलाव आहे."

बकाराम दारात उभा होता. त्यानं घसा साफ केला. "साहेब, महिलेचं म्हणणं रास्त आहे," तो म्हणाला. एकतीस, आता बत्तीस वर्षांत साहेबासमोर न विचारता बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं.

हुकूम रद्द झाला. त्यानंतर महिनाभर ड्रायव्हर सवयीनं शिटी द्यायचे आणि फाटकावर मान बाहेर काढून बघायचे. मग तेही थांबलं.

मोहटोल्याच्या तलावाची पार, म्हणजे काठावरची मातीची भिंत, लांब आणि सपाट आहे. कुसुमबाई तिथे जाऊ लागली. आधी एकटी, मग शामकला आली, तिला वजन वाढवायचं होतं. मग शाळेच्या मास्तरीणबाई, मग पलीकडच्या टोल्यातल्या तिघी, आणि ज्यांना गुडघे होते त्या सगळ्या. गाड्या नव्हत्या, म्हणून मिनिट मोजायला एक बाई साठपर्यंत आकडे म्हणायची. कोणाला साठपर्यंत येत नव्हते त्या वीस-वीस तीनदा म्हणायच्या. डबे पारीवरच ठेवलेले असत.

रुची दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात बघायला आली. ती आता गोंदियाच्या एका दवाखान्यात होती, स्कूटीवर आली. पारीवर वळताना स्कूटी घसरून खालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, गेली. उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं होतं. रुची बाहेर निघाली, स्कूटी चिखलात अर्धी रुतली. बाया धावल्या, पण बांध अरुंद होता, एकीलाच खाली उभं राहता येत होतं.

कुसुमबाई उतरली. तिनं पदर खोचला, पाय रुंद ठेवले, कंबर न वाकवता गुडघ्यात बसली, जशी स्टुलावर बसायची तशी, आणि स्कूटीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात घातले. चिखलानं एक मोठा आवाज केला. स्कूटी बांधावर आली.

रुची कपडे पिळत उभी होती. "मावशी, गुडघा दुखला का?"

कुसुमबाईनं थोडा विचार केला. एक पाय झटकला, दुसरा झटकला.

"डावा थोडासा," ती म्हणाली. "पण हे दहा वेळा करायचं आहे का, ते सांग. तं पुन्हा खाली टाकतो."

"नाही," रुची म्हणाली. "एकदाच पुरे."

मग सगळ्या बायांनी मिळून स्कूटी तलावात धुतली.